दोराचं उत्तर

नववी गाडी निघून गेली तेव्हा तिमाण्णा म्हणाला, "दुर्गाप्पा, कुणाला तरी इचारूया की."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर पाटी होती आणि मी पाटी वाचत होतो. ज्याला वाचता येतं त्यानं विचारायचं नसतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. विचारत फिरायचं ते अडाण्यांनी. मी पंचेचाळीस वर्षं ते केलं होतं. बार्शीच्या स्टँडवर प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन "ही कुठली?" म्हणायचं, आणि कंडक्टरनं म्हणायचं, "पाटी दिसत नाही का म्हाताऱ्या?" तेव्हा मी म्हातारा नव्हतो. अडाणी माणूस लवकर म्हातारा दिसतो.

आम्ही उभे होतो दिल्लीत, रेल्वे स्टेशनाच्या पोटाखाली, मेट्रोच्या फलाटावर. साल दोन हजार अकरा, मार्च महिना. आम्ही दोघेही बार्शीकडचे वडार. बाप-आज्यापासून विहिरी खोदणारे. तिमाण्णा माझा लहानपणापासूनचा जोडीदार, आणि पुढे धाकट्या बहिणीचा, नागव्वाचा, नवरा. चारचौघांत मी त्याला दाजी म्हणायचो, कामावर तिमा. तो मला कुठंही दुर्गाप्पाच म्हणायचा.

जायचं होतं जोर बागेला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्याचं पत्र आलं होतं. तिमाण्णाच्या छातीत दगडाची भुकटी बसली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, की दिल्लीत एक डॉक्टर अशी छाती आतून पाण्यानं धुतो. सगळ्यांची धूत नाही, बघून निवडतो. वर्षात दोनदाच निवड असते आणि पत्रावर त्याच दिवसाची तारीख होती. बारापर्यंत खिडकीवर हजर व्हायचं.

तिमाण्णाला हे फार आवडलं होतं. गावात तो सगळ्यांना सांगत सुटला होता, की जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीतला गाळ काढला, आता माझ्यातला काढणार आहेत. आणि हसायचा. हसला की खोकायचा, आणि खोकला की नागव्वा घरात जायची.

निघताना तिनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. ती पिशवी तिमाण्णाच्या खांद्याला. फाईल माझ्या काखेत. फाईल त्याच्याकडे देण्यात अर्थच नव्हता. त्यानं ती उलटी धरली असती.

साक्षरतेचा वर्ग आमच्या वस्तीत सुरू झाला तेव्हा आम्ही दोघेही बसलो होतो. तिमाण्णा आठ दिवस आला. नवव्या दिवशी बाईंना म्हणाला, माझं नाव मला ठाऊक आहे, ते लिहून कुणाला सांगू? सगळे हसले. मी नाही हसलो. मी दोन वर्षं पाटी घासली आणि वाचायला शिकलो. एकेक अक्षर लावून, ओठ हलवून, पण वाचायचो. त्यानंतर मी मुकादम झालो. मापं लिहायला, कागदावर सही करायला वाचणारा माणूस लागायचा. पूर्वी आम्ही पाळी लावायचो, एक दिवस तो तळाला, एक दिवस मी. मुकादम झाल्यावर मी वही घेऊन काठावर बसू लागलो आणि तळाला रोज तिमाण्णा जाऊ लागला. ते आम्ही कधी बोलून ठरवलं नाही. त्याच सुमारास कॉम्प्रेसरचं मशीन आलं. पहारीनं दगड फुटतो तेव्हा तुकडे पडतात. मशीननं फुटतो तेव्हा पीठ उडतं.

तर मी पाटी वाचत होतो. गाडी येण्याआधी वर लाल अक्षरं उमटायची. हुडा सिटी सेंटर. पुढची, हुडा सिटी सेंटर. मध्येच एखादी कुतुब मीनार. जोर बाग कुठंच नाही. एसटीच्या पाटीवर शेवटचं गाव असतं आणि खाली 'मार्गे' म्हणून वाटेतली गावं असतात. इथं मार्गे नव्हतं. म्हणजे ही गाडी जोर बागेला जात नाही. एवढं सरळ होतं. जोर बागेची गाडी यायची होती.

"हितं सगळ्या गाड्या एकाच दिशेला जात्यात रं," तिमाण्णा म्हणाला. "बोगद्याला तोंड किती? एक. मग फाटा कुठनं फुटंल?"

"तुला वाचता येतं का?"

"न्हाय."

"मग गप बस."

तो गप बसला. म्हणजे उभाच राहिला, पण गप राहिला. थोड्या वेळानं त्यानं खांबावर बोटाची गाठ वाजवून बघितली आणि भिंतीला तळहात लावला. एवढं खोल खणलंय तर पाणी कुठं वळवलं असेल, असं मला विचारू लागला. मी म्हणालो, इथं शिकलेली माणसं असतात, त्यांना विचार. शेजारी टाय लावलेला एकजण उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग आमच्या पायांकडे, आणि तो चार पावलं पलीकडे सरकला. मला तिमाण्णाची लाज वाटली. त्या टायवाल्याची वाटायला हवी होती, पण लाजेला एवढी अक्कल नसते.

दिल्लीच्या माणसांबद्दल माझं मत तेव्हा वाईट होतं आणि अजूनही फारसं सुधारलेलं नाही. एवढी माणसं जमिनीखाली उतरतात आणि एकजण वर बघत नाही. विहिरीत उतरणारा माणूस पहिल्यांदा वर बघतो. आभाळाचं भोक केवढं उरलं, ते बघतो. यांना आभाळ कुठं गेलं याचा पत्ताच नव्हता. हातातल्या मोबाईलवर अंगठा फिरवत होते. सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना तिमाण्णानं वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, तर मागचा पोरगा म्हणाला, "चलो बाबा, मंदिर नहीं है."

दहा वाजून गेले. अकरावी गाडी, बारावी गाडी. तिमाण्णा धापा टाकत होता, कारण तिथली हवा यंत्रानं गार केलेली होती आणि गार हवेनं त्याची छाती आवळायची. शेजारी लोखंडी बाकडं होतं. मी म्हटलं, बस. तो म्हणाला, गाडी आली तर उठायला वेळ लागंल.

पुन्हा म्हणाला, "त्या बाईला इचारतो."

"तू काही विचारायचं नाहीस," मी म्हणालो. "आपण काय भीक मागायला आलोय? मी आहे ना वाचायला."

दहा चाळीसला जी गाडी आली तिचं दार बरोबर आमच्यासमोर उघडलं. दाराच्या वर आतल्या बाजूला एक लांब पट्टी होती, तिच्यावर ठिपके आणि ठिपक्यांखाली नावं. सगळी नावं. मला एकदम उमगलं, की मार्गे इथं लिहिलंय. अक्षरं बारीक होती. मी मान पुढं केली. दिसेना. मी एक पाय आत टाकला, मग दुसरा. आणि ओठ हलवत वाचू लागलो. रा-जी-व चौ-क. प-टे-ल चौ-क. केंद्रीय या शब्दावर मी अडकलो. जोडाक्षर आलं की माझी गाडी तिथं थांबायचीच. मग सचिवालय. मग उद्योग भवन. कुठलं तरी रेस. आणि सहावं, जोर बाग.

मी वळून म्हणालो, "दाजी, हीच." आणि दार बंद झालं.

काच मध्ये होती. तिमाण्णा बाहेर, खांद्याला पिशवी. त्यानं काही दार बडवलं नाही की तोंड उघडलं नाही. त्यानं उजवा हात वर केला, मूठ आवळली आणि ती दोनदा खाली ओढली. डब्यातल्या दोन पोरींनी ते बघितलं आणि त्यांना हसू आलं. गाडी हलली. तो पुन्हा दोनदा मूठ ओढत होता. मी तोंड फिरवून पट्टी वाचू लागलो.

पहिल्या स्टेशनवर, राजीव चौकात, मी उतरलो. उलटं जायचं तर कुठून, ते पाट्यांवर लिहिलं होतं. पाट्या भरपूर होत्या. वर जाणारे बाण, खाली जाणारे बाण, पिवळी रेघ, निळी रेघ. मी एक वाचेपर्यंत माणसांचा लोंढा मला पुढच्या पाटीपाशी नेऊन सोडायचा. घड्याळात पावणेअकरा होऊन गेले होते. तिथं मी विचार केला. कागद माझ्याकडे आहेत. खिडकी बारापर्यंत. आधी जाऊन नंबर लावावा. तिमाण्णाला काय, विचारायची हौस आहेच, विचारत विचारत येईल जोर बागेला. नाही आला तर नंबर लावून मी आणायला जाईन. हा विचार मला फार शहाणपणाचा वाटला. पुढच्या हुडा सिटी सेंटरच्या गाडीत मी बसलो. बसलो म्हणजे खरंच बसलो, जागा मिळाली. फाईल मांडीवर ठेवली. शिकलेल्या माणसासारखा दिसत असेन.

जोर बागेला बाहेर पडल्यावर दवाखान्याची पाटी वाचत वाचत गेलो. एकालाही विचारलं नाही. एक गल्ली चुकलो, परत आलो, दुसरी चुकलो. खिडकीपाशी पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पुढं बारा-तेरा माणसं होती. प्रत्येकाबरोबर एक खोकणारा माणूस होता. माझ्याबरोबर फाईल होती.

माझी पाळी आली तेव्हा बारा वाजायला पाच कमी होते. खिडकीत चष्मा लावलेली एक बाई होती. मी फाईल उघडून एकेक कागद तिच्यापुढं नीट लावला. पत्र, छातीचे फोटो, सोलापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी, तिमाण्णाचा अंगठा असलेला अर्ज. तिनं सगळं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"मरीज़ कहाँ है?"

मी म्हणालो, स्टेशनवर आहे, येतोय. कागद सगळे आहेत, तपासून घ्या. हा फोटो बघा, यात छाती दिसते.

बाई कंटाळलेली होती, पण दुष्ट नव्हती. ती म्हणाली, "बाबा, काग़ज़ की छाती धोएँगे क्या?"

मागचे दोघे हसले. मी तिला म्हणालो, एक तास द्या. ती म्हणाली, डॉक्टरसाहेब बारानंतर नवीन माणूस घेत नाहीत, माझ्या हातात नाही. तिनं एका चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून दिली. ती मी तिथंच उभा राहून वाचली. पहिल्यांदाच एखादा आकडा मला एका नजरेत वाचता आला. सात महिन्यांनंतरची होती.

मी दवाखान्याच्या दाराशी वाट बघत बसलो. अर्धा तास बसलो असेन. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत होतो आणि तिमाण्णावर संतापत होतो. नागव्वाला काय सांगायचं, याची मनातल्या मनात तयारी करत होतो. तुझा नवरा सहा स्टेशनं पार करून येऊ शकला नाही, असं सांगायचं. दोन वाक्यं तर मी अगदी घोटून ठेवली होती. आठ दिवसांत शाळा सोडणाऱ्याचं असंच होतं, हे त्यातलं एक.

मग परत निघालो. उलट्या बाजूच्या गाडीवर जहांगीरपुरी लिहिलं होतं आणि मला आता पाटीची खोड कळली होती, म्हणून बसलो. दीड वाजत आला होता तेव्हा उतरलो आणि फिरून सकाळच्या फलाटावर आलो.

तिमाण्णा त्याच खांबाला टेकून उभा होता. ओठ निळसर झाले होते. पिशवी खांद्यालाच. त्याच्याजवळ खाकी कपड्यातला एक गार्ड होता. त्यानं मला येताना बघितलं, फाईल बघितली आणि विचारलं, "यह आपके आदमी हैं?"

मी हो म्हणालो. तो मला सांगू लागला. सकाळपासून इथं आहे, मी चारदा हटवायला आलो, जात नाही. बाकड्यावर बस म्हटलं तर बसत नाही. पाणी दिलं ते घेतलं, पण नजर बोगद्याकडेच. कुणाची वाट बघतोस म्हटलं तर म्हणतो, मेरा आदमी नीचे गया है. मी सांगतो, बाबा, आपण नीचेच आहोत, याच्या नीचे काही नाही. तर म्हणतो, नाही, तो नीचे आहे.

गार्ड निघून गेला. मी तिमाण्णाला म्हणालो, "तारीख गेली."

तो म्हणाला, "बरं."

"सात महिन्यांनी परत यायचंय."

"बरं."

मग मी जे बोलायचं ते बोललो. पोरगंसुद्धा सहा स्टेशनं जाईल, तोंड आहे ना तुला, एरवी तर सारखं विचारू विचारू करतोस, आज दातखीळ बसली होती का. आवाज मोठा झाला असावा, कारण दोन-चार माणसं सरकली.

तो खोकला, खोकला थांबू दिला, आणि म्हणाला, "इचारलं की. तू गेल्याबरोबर इचारलं. त्या बाईलाच. ती म्हणली, कुठल्याबी गाडीत बसा, सहावं. मग एक मिलिटरीवाला होता, त्यालाबी इचारलं. त्यानंबी सहावंच सांगितलं. तो सोडायला येतो म्हणत हुता."

"मग?"

"मग काय?"

"मग आला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी अजून कामावर लागायचा आहे आणि मला पहिल्या दिवसाचं काम सांगायला हवं.

"तू खाली हुतास," तो म्हणाला. "मी दोर हलवला. दोनदा हलवला. तू उत्तर दिलं न्हाईस."

इथं मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. सत्तर-ऐंशी फुटांच्या विहिरीत, सुरुंगाचा धूर आणि भुकटी असताना, हाक ऐकू जात नाही. म्हणून वरचा माणूस अधूनमधून दोर दोनदा हलवतो. म्हणजे, मी काठावर आहे. खालच्यानं दोनदा हलवून उत्तर द्यायचं. म्हणजे, मी जिवंत आहे. उत्तर आलं नाही तर वरच्यानं जागा सोडायची नाही. जेवायला नाही, पाण्याला नाही, पाऊस आला तरी नाही, घरून कुणी मेल्याचा निरोप आला तरी नाही. बसायचंही नाही, कारण बसलेल्या माणसाला दोर ओढायला एक क्षण जास्त लागतो. हे आम्हाला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. आम्ही चालायला लागलो त्याच्या आसपास ते आलं असावं.

आणि ती मूठ काय होती हे मला कळलं नव्हतं, असं मी नागव्वाला सांगितलं, मुलांना सांगितलं. आज बारा-तेरा वर्षं तेच सांगत आलो. इथं लिहितोय तेव्हा खरं लिहितो. मला कळलं होतं. काचेतून पहिल्या झटक्यालाच कळलं होतं. माझा हात अर्धा वर आलासुद्धा होता. पण त्या दोन पोरी हसल्या, डब्यात चांगल्या कपड्यांची माणसं होती, आणि माझ्या काखेत फाईल होती. गाडीत उभं राहून हवेतला दोर ओढणारा खेडवळ म्हणून मला दिसायचं नव्हतं. मी हात खाली घेतला आणि वाचायला लागलो.

पुढच्या तारखेचा उपयोग झाला नाही. ती यायच्या तीन महिने आधी, पावसाळ्यात, तिमाण्णा गेला. चिठ्ठी माझ्याच फाईलमध्ये राहिली. धुतली असती तर छाती किती सुधारली असती, ते मला माहीत नाही. सोलापूरचा डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. शिकलेली माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांना सांगता येत असतं.

पण त्या दिवशी फलाटावर हे सगळं अजून व्हायचं होतं. तिमाण्णानं खांद्यावरची पिशवी उतरवली आणि तो खांबापाशी उकिडवा बसला, सकाळपासून पहिल्यांदा. भाकरी तशीच होती, सोडलेलीसुद्धा नव्हती. त्यानं ती मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. गार्ड लांबून बघत होता, इथं खायची मनाई होती, पण तो आला नाही.

गाडी आली, हुडा सिटी सेंटर, दारं उघडली, मिटली, गेली. मी भाकरी घेतली नाही. उजवा हात वर केला, मूठ आवळली आणि दोनदा खाली ओढली. समोर पन्नास-साठ माणसं होती. एकानंही बघितलं नाही.

तिमाण्णानं बघितलं. घास चावून संपवला, मग म्हणाला,

"आता वर आलायस. आता कशाला?"